मावशी, जरा पुसून घ्या ना

"मावशी, इकडे जरा पुसून घ्या ना. कॉफी सांडलीये. कुणीतरी घसरेल."

मी वळले. फडकं टेबलाच्या कडेलाच होतं. उचललं, खाली बसले, पुसलं.

एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही. कुणी आवाज चढवला नाही. उलट शेवटी 'ना' लावून गोड सांगितलं. आणि मी पुसलं. कडेकडून आत पुसत आणलं, म्हणजे डाग पसरत नाही. हॉटेलात नव्या मुलींना मी असंच शिकवते. मग फडक्याची घडी घातली आणि मान वर केली. समोर माझी मुलगी उभी होती.

तिच्या गळ्यात कॉलेजने दिलेलं कार्ड होतं. त्यावर तिचं नाव. साक्षी. माझ्याही गळ्यात तसलंच कार्ड होतं. त्यावर छापलं होतं 'पालक'. वाकताना ते पदराआडून बाहेर आलं आणि फरशीला टेकलं. कॉफीचा डाग त्यालाही लागला.

साक्षी नुसती बघत राहिली. सांगणारीकडे नाही. माझ्याकडे.

मी लोणावळ्यात एका हॉटेलात खोल्यांची साफसफाई बघते. माझ्या हाताखाली मुली आहेत. चादरी, टॉवेल, साबण, किल्ल्या, सगळं माझ्या यादीने चालतं. घरीही मी याद्या करते. नवरा हसतो. तो पिकअप चालवतो आणि डिझेल संपत आलं की त्याला आठवतं. मला असलं चालत नाही. साक्षी बारावी झाली तेव्हाही मी यादी केली होती. तळेगावचं नर्सिंग, लोणावळ्याचं कॉमर्स आणि हे डोंगरावरचं छोटं कॉलेज. प्रत्येकापुढे प्रश्न. डिग्री चालते का. होस्टेलला रात्री कोण असतं. पावसात आमच्या आंदर मावळाची एसटी बंद पडली तर पोरगी घरी कशी येणार. पुढे पोटाला काय.

हे कॉलेज वेगळं होतं. इतिहास, गणित, चित्रं, जंगल, सगळं एकत्र शिकवतात. मुलं थोडी, शिक्षक भरपूर. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं, 'इथे प्रत्येकाला नावाने ओळखलं जातं.' ते वाक्य साक्षीने मला दोनदा वाचून दाखवलं होतं. तिच्या ज्युनियर कॉलेजात तिला रोल नंबरने ओळखायचे.

या कॉलेजची ओळख आम्हाला आमच्या वाडीतच झाली. त्यांची मुलं गाव बघायला आली होती. आमची ठाकर आदिवासींची वाडी. डांबरी रस्ता संपतो तिथून चालत यावं लागतं. दमून आली बिचारी. साक्षीने त्यांना रान दाखवलं, ओढा दाखवला. माझ्या सासूने चुलीपुढे बसवून तांदळाच्या भाकरी खाऊ घातल्या. त्यातल्या एका चष्मेवाल्या पोराने सासूला विचारलं, "मावशी, तुम्ही सुखी आहात का?"

सासूला ते 'सुकी' ऐकू आलं. ती म्हणाली, "कुटली सुकी, बाबा? कौलं गळत्यात. आमी समदी वलीच."

पोरं वहीत लिहून घेत होती. हे काय लिहिलं असेल देव जाणे.

जाताना त्यांच्या बाईंनी साक्षीला सांगितलं, तू अर्ज कर. तिने केला. निकालानंतर कॉलेजातून फोन आला. प्रवेशाचं बघणारी एक तरुण मुलगी होती, आवाज मोठा गोड. मी स्पीकर लावला. ती म्हणाली, "मार्क्स छानच आहेत. पण आम्ही मार्क्स बघत नाही. साक्षी आमच्याकडे फिट होते का आणि आम्ही साक्षीला फिट होतो का, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. पालकांना घेऊन या."

फोन ठेवल्यावर सासू घाबरून म्हणाली, "फिट? आपल्या पोरीला कवा फिट आली? कुनी सांगितलं त्यांना?"

"आजी, तसली फिट नाही गं," साक्षी म्हणाली. "म्हणजे मी तिथे बसते का."

"मंग त्याला काय झालं? खुर्च्या न्हाईत व्हय त्यांच्याकडं?"

आम्ही पोट धरून हसलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

तर त्या दिवशी मी चांगली साडी नेसून, यादी पर्समध्ये घेऊन गेले. नवऱ्याला भाडं होतं. मोठ्या दालनात पालकांसाठी कॉफी, बिस्किटं मांडली होती. पालक म्हणजे पुण्यामुंबईचे. गाड्यांतून आलेले. मी टेबलापाशी उभी राहिले, कारण ओळखीचं कुणी नव्हतं. उष्टे कप इकडेतिकडे पडले होते. मी ते एकात एक घालून कडेला सरकवले. सवय आहे. माझ्या शेजारी कॉटनच्या भारी साडीतल्या एक बाई होत्या. त्याही आपल्या पोरांचे कप गोळा करत होत्या. त्यांना कुणी मावशी म्हटलं नाही. मला म्हटलं.

सांगणारी ती फोनवरचीच मुलगी होती. आवाजावरून ओळखलं. तिने माझं कार्ड बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अय्यो, सॉरी! सॉरी हां. मला वाटलं…"

"काय वाटलं?" साक्षीने विचारलं.

तिने वाक्य पूर्ण केलं नाही. ते पूर्ण करायला तिच्याकडे शब्द होते. सगळ्यांकडे असतात. ते उच्चारायचे नसतात, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

"कार्ड दिसलं नाही ना. आणि त्या कप गोळा करत होत्या." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आणि खरं सांगू का, आमच्याकडे मावशी हा खूप प्रेमाचा शब्द आहे. आमच्या सगळ्या मावशी घरच्यासारख्याच आहेत."

तेवढ्यात खरी साफसफाईवाली पोछा घेऊन पळत आली. आमच्याच भागातली बाई. खालच्या वाडीतली हिराबाई. मला बघून तिथेच थबकली.

"अगं बया, तू? पावनी म्हनून आलीस आन् फडकं तूच धरलंस?"

मी काय सांगणार? हात आधी गेला. राग नंतर आला. आमच्यासारख्यांचं हे असंच असतं. हाक ऐकली की हात आधी जातो.

आमच्या वाडीत मावशी म्हणजे आईची बहीण. आईच्या मागे जी आईच्या जागी उभी राहते ती. आईच्या वयाच्या बाईलाही मावशी म्हणतात. म्हटलं की नातं लागतं. मग तिच्या ताटातलं घ्यायला लाज वाटत नाही आणि तिचं ओझं उचलायला कुणी सांगावं लागत नाही.

या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे मला लोणावळ्यातल्या एका बंगल्यात कळलं. मी लहान होते. आई तिथे भांडी-लादी करायची आणि शाळा नसली की मला घेऊन जायची. आईला तिथे सगळे मावशी म्हणायचे. बंगल्यातली म्हातारीसुद्धा. ती आईपेक्षा कितीतरी मोठी, तरी आई तिची मावशी. मला कुणी नाव विचारलं नाही. मी मावशीची पोर. "ते उरलेलं मावशीच्या पोरीला द्या." "मावशीच्या पोरीला सांगा, सोफ्याला हात लावू नको."

एका सुट्टीत त्या घरात पाहुणी आली. पोरं ओरडत धावली, "मावशी आली, मावशी आली!" मीही धावले. मला वाटलं, आईलाच बोलावतायत. तर दारात एक गोरी बाई उभी, हातात खेळणी. ती त्यांच्या आईची सख्खी बहीण. तिला झोपाळ्यावर बसवलं, सरबत दिलं. माझी आई मोरीत भांडी घासत होती. एका घरात दोन मावश्या. एक झोपाळ्यावर, एक मोरीत. मी आईला विचारलं, "ही पण मावशीच का गं? मग ही का नाही घासत?"

आईने मला चिमटा काढला. जोरात. दंडावर काळं-निळं झालं होतं. तेव्हा वाटलं, आई चिडली. ती चिडली नव्हती. घाबरली होती. मी मोठ्याने विचारलं होतं.

कॉलेजच्या त्या दालनात मला तो चिमटा आठवला. आणि तरीही, खरं सांगते, मी गिळलं. मनात म्हटलं, जाऊ दे. पोरीचं भलं होतंय. मी यादी काढली आणि प्रश्न विचारायला लागले. डिग्री चालते, होस्टेल नीट आहे, रात्री बाई असते, आजारी पडलं तर गाडी आहे. एकेक खूण करत गेले. अपमान असा काही रकाना माझ्या यादीत नव्हता. मी तो कधी आखलाच नव्हता.

मग ग्रंथालय दाखवलं. छतापर्यंत पुस्तकं. एक भिंत पूर्ण काचेची, पलीकडे दरी. साक्षी एका कपाटापाशी उभी राहिली आणि पुस्तकांच्या पाठींवरून नुसतं बोट फिरवत राहिली. आमच्या घरात पुस्तकं पत्र्याच्या पेटीत असतात, उंदरांच्या भीतीने. तिचा चेहरा बघितला आणि मी ठरवलं, इथेच. फरशी काय, अख्खं दालन पुसेन.

तिथून बाहेर पडलो ती एक लांब ओसरी होती. मुलांनी काढलेले फोटो चौकटीत लावलेले. वर पाटी, 'मावळचे चेहरे'. साक्षी पुढे होती. अचानक थांबली.

"आई. आजी."

चुलीपुढे बसलेली माझी सासू. हातात फुंकणी, डोळ्यांत धूर गेलेला, तोंडावर जाळाचा उजेड. फोटो चांगला होता. फार चांगला होता. खाली छापलं होतं, 'मावशी, आंदर मावळ'. त्याखाली फोटो काढणाऱ्या पोराचं नाव. पूर्ण. आडनावासकट.

त्या पोराला सासूने भाकरी वाढली होती. चार वेळा नाव विचारून, नीट पाठ करून, त्याच नावाने हाक मारून वाढली होती. त्याने तिचं विचारलं नव्हतं.

साक्षी हळूच म्हणाली, "प्रत्येकाला नावाने ओळखलं जातं."

मग आम्हाला संचालकांच्या खोलीत नेलं. संचालक सभ्य माणूस. खादीचा झब्बा. उठून उभे राहिले, मला खुर्ची ओढून दिली. शेजारी एक पाहुणे बसले होते, कॉलेजला मदत करणारे कुणीतरी. संचालकांनी साक्षीची ओळख करून दिली.

"ही साक्षी. बाहेर तो चुलीचा फोटो बघितलात ना तुम्ही? त्या मावशींची नात."

मावशीची पोर. मावशींची नात. एक पिढी गेली, शिक्षण आलं, रस्ता आला, मोबाईल आला. 'पोर'चं 'नात' झालं. मावशीला अनुस्वार मिळाला. बाकी काही हललं नाही.

संचालक बोलत होते. साक्षीची पूर्ण फी माफ होणार. राहणं, जेवण, सगळं. फक्त एक छोटी अपेक्षा. दरवर्षी देणगीदारांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम असतो. त्यात साक्षीने आपली गोष्ट सांगायची. वाडी, आजी, चूल, इथवरचा प्रवास.

"आणि आज सकाळी जे झालं," ते मान हलवून म्हणाले, "मला कळलं. फार वाईट वाटलं. पण साक्षी, तू ते सांगितलंस ना, तुझ्या शब्दांत, तर लोक हेलावून जातील. त्यात केवढी ताकद आहे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी फरशी पुसली, तेही यांना हवं होतं. पुसलेली फरशी यांना आधीच मिळाली होती. आता माझ्या पोरीने स्टेजवर उभं राहून सांगायचं की माझ्या आईने कशी पुसली. लोकांनी डोळे टिपायचे, आणि मग जेवायला जायचं. जेवणानंतर ती फरशी हिराबाई पुसणार.

"तुला काय वाटतं, साक्षी?" संचालकांनी विचारलं.

"मला इतिहास शिकायचाय, सर. गोष्ट नाही सांगायची."

ते हसले. शिक्षक हसतात तसं, मायेने. "पण आपली गोष्ट म्हणजेच आपला इतिहास ना?"

"मग तुमची सांगा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्या घरी काम करणारी बाई असेल. तुम्ही तिला मावशीच म्हणत असाल. तिची गोष्ट तुम्ही सांगा, त्या संध्याकाळी. ती कुठे बसते, कुठल्या कपात चहा पिते, तिच्या पोरीचं नाव काय. सगळं नावानिशी. त्यात पण ताकद आहे."

मदत करणारे पाहुणे खिडकीबाहेर बघायला लागले. संचालकांचा चेहरा लाल झाला, पण आवाज सभ्यच राहिला. "तुमचा गैरसमज होतोय. आमचा हेतू…"

"हेतू चांगलाच असेल. बंगल्यातल्या बाईंचा पण होता. उरलेलं टाकून नाही दिलं, मला दिलं."

मी उठले. यादी पर्समध्ये ठेवली. सगळ्या खुणा झाल्या होत्या त्यावर.

"तुम्ही म्हणालात, दोघांनी मिळून ठरवायचं. पोरगी तुमच्याकडे बसते का हे तुम्ही बघितलंत. तुम्ही आमच्याकडे बसता का हे मी बघितलं. नाही बसत. आणि बाहेरच्या फोटोतल्या बाईचं नाव ठकूबाई आहे. लिहा, नाहीतर फोटो उतरवा."

साक्षी माझ्या आधी दाराशी पोचली होती. पण ओसरीतून जाताना तिने ग्रंथालयाकडे एकदा वळून बघितलं. ते मी बघितलं. ते मी विसरणार नाही आणि त्यांना माफ करणार नाही. त्यांनी माझ्या पोरीला पुस्तकं दाखवली आणि बदल्यात आईची फरशी मागितली.

फाटकापाशी हिराबाई झाडत होती. म्हणाली, "काय गं, जमलं का पोरीचं?"

"नाही जमलं."

"आगं, घालायची व्हती. आमच्या पोरी आत येत्यात त्या झाडू घेऊनच. एक तरी दप्तर घिऊन आली असती."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. संचालकांपेक्षा जास्त. कारण हिराबाई चुकीचं बोलत नव्हती.

उतारावरून खाली चालताना साक्षी म्हणाली, "तू का पुसलंस, आई?"

"हात गेला."

"मला तिथे ओरडावंसं वाटत होतं. त्या मुलीवर नाही. तुझ्यावर."

"ओरडायचं होतंस."

"आणि मला ते ग्रंथालय हवं होतं."

"माहीत आहे."

तुला याहून मोठं मिळेल, असं मी म्हणाले नाही. मला माहीत नाही मिळेल का. खोटं कशाला बोलू?

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं. आपला फोटो भिंतीवर आहे म्हटल्यावर आधी खूश झाली. "मला न्हाई दिला त्यांनी एक बी. खाली काय लिवलंय?"

"मावशी," साक्षी म्हणाली.

सासूने जरा विचार केला. मग विचारलं, "कुनाची?"

तिने चेष्टा केली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्या वाडीत मावशी कुणाची तरी असते. नुसती मावशी नसते.

त्या एका शब्दाने माझं डोकं लख्ख झालं. बंगल्यात मी लांबलचक प्रश्न विचारला होता आणि चिमटा खाल्ला होता. सासूने तो एका शब्दात विचारला.

साक्षी आता पुण्यात साध्या कॉलेजात इतिहास शिकते. वर्गात शंभराच्या वर पोरं आहेत. घोरावाडीला माझ्या भावाकडे राहते, तिथून लोकलने जाते-येते. सर तिला नावाने ओळखत नाहीत. पण कुणाची नात म्हणूनही ओळखत नाहीत. ग्रंथालय लहान आहे, दुपारी बंद असतं. ती भांडते. उघडायला लावते.

मी त्याच हॉटेलात आहे. परवा एका पाहुण्याने जिन्यावरून हाक मारली, "ओ मावशी, टॉवेल!" मी थांबले आणि विचारलं, "कुणाची?" त्याला कळेना. मी परत विचारलं, "कुणाची मावशी, साहेब?" टॉवेल दिला. माझं काम आहे ते, मी ते चोख करते. पण विचारून दिला. मॅनेजरकडे तक्रार गेली. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही पण काय…" त्यालाही विचारलं. आता माझ्या हाताखालच्या सगळ्या मुली विचारतात. गणवेशावर आमची नावं घाला, असं मी लिहून दिलंय. तो म्हणाला, बघू. मीही बघतेय.

मी अजून याद्या करते. फक्त आता कुठल्याही जागेची, शाळेची, नोकरीची, सोयरिकीची यादी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. इथे आमच्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारतात? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढची खूण करायची नाही. डिग्री नंतर, होस्टेल नंतर.

हे सगळं लिहिताना मी माझं नाव कुठेही लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही. ज्याला मला हाक मारायची आहे, त्याने आधी विचारावं. तोपर्यंत मी वळणार नाही.